बाबांना स्मृतिभ्रंश आहे. घर आत्ताच मुलांच्या नावावर करायचं का?

विचारणाऱ्या ताई पुण्यात कोथरूडला राहतात. वडील 79 वर्षांचे, राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त. आठ महिन्यांपूर्वी न्यूरोलॉजिस्टने अल्झायमरचं निदान केलं. आजार अजून सुरुवातीच्या टप्प्यात आहे. आई 74 वर्षांची, मधुमेह आणि गुडघेदुखी. राहता फ्लॅट वडिलांच्या नावावर, 42 लाखांच्या ठेवीही त्यांच्याच नावावर, पेन्शन 41 हजार. भाऊ न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, फ्लॅट आत्ताच बक्षीसपत्राने आपल्या दोघांच्या नावावर करून घेऊ, मागाहून कोर्टकचेऱ्या नकोत. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, नॉमिनेशन आहे ना, मग बाकी काही लागत नाही. बँकेतले एक ओळखीचे म्हणतात, कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) करून ठेवा. आणि 24 तास घरी राहून बाबांचं करणाऱ्या मावशीचे ब्यूरोने महिना 27 हजार सांगितलेत. सुरुवात कुठून करायची, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, उत्तर आधी सांगते, कारणं मागून. फ्लॅट तुम्हा भावंडांच्या नावावर करू नका. कुणाच्या नावावर करायचाच तर आईच्या करा, आणि तोही आपण कशावर सही करतोय हे बाबांना नीट कळतंय तोवर. सल्ला देणाऱ्या तिघांपैकी एकानेही वेळेचा मुद्दा काढलेला नाही, आणि तुमच्या घरात सगळ्यात टंचाई वेळेची आहे. निदानाला आठ महिने झाले. पुढच्या आठ महिन्यांनी बाबा आजच्यासारखे असतील असं धरून चालू नका.

भावाच्या म्हणण्यापासून सुरू करते, कारण त्याचा हेतू वाईट आहे असं मला वाटत नाही. तो जिथे राहतो तिथे हा सल्ला रोज कानावर पडतो. अमेरिकेत मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, दीर्घकाळाच्या शुश्रूषेचा खर्च उचलत नाही. इस्पितळातून निघाल्यावर नर्सिंग होममधले फार तर 100 दिवस, तेही कुशल उपचारांची गरज असेल तरच. त्यापुढे पदरचे पैसे घालायचे, आणि ते संपत आले की मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी योजना. मेडिकेड मिळायला नावावर फारसं काही असून चालत नाही, आणि न्यू जर्सीत अर्जाआधीच्या पाच वर्षांत कुणाला काय देऊन टाकलं हे तपासलं जातं. म्हणून तिथले वकील घर मुलांच्या किंवा ट्रस्टच्या नावावर लवकर करायला सांगतात. तिथे त्याला अर्थ आहे. आपल्याकडे बाबांच्या नावावर काही नाही म्हणून त्यांच्या मावशीचा पगार देणारी कुठलीही सरकारी योजना नाही. वारसा कर वाचवण्याचाही प्रश्न नाही, इस्टेट ड्युटी 1985 सालीच रद्द झाली. म्हणजे नाव रिकामं करून बाबांना मिळत काहीच नाही. त्यांच्या आणि आईच्या शेवटच्या दहा-पंधरा वर्षांची तजवीज मात्र दुसऱ्याच्या नावावर जाते. तो फ्लॅट हाच त्यांचा विमा आहे.

"पण आम्ही काय त्यांना बाहेर काढणार आहोत का?" असं तुम्ही म्हणाल. नाही काढणार. पण नावावर झालेली मालमत्ता मुलांच्या आयुष्यातल्या उलथापालथींत सापडते. भावाचा घटस्फोट, तुमच्या यजमानांच्या धंद्यातलं कर्ज, सोसायटीचा पुनर्विकास आणि त्यात मालक म्हणून लागणारी सही, आणि आई-बाबांच्या आधी मुलाचं जाणं. शेवटची गोष्ट बोलवत नाही, पण माझ्याकडे अशी घरं आलेली आहेत. तेव्हा त्या अर्ध्या हिश्शात सूनबाई आणि नातवंडंही मालक होतात, आणि आईला स्वतःच्या घरात त्यांच्या मर्जीने राहावं लागतं.

बक्षीस देऊन फसलेल्या पालकांसाठी 2007 चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आहे. त्याच्या कलम 23 नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. त्याची खोच अटीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सांगितलं की सांभाळाची अट होती हे दाखवावं लागेल. नुसतं प्रेमापोटी दिलेलं बक्षीस या कलमात बसत नाही. जानेवारी 2025 च्या निकालात त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं म्हटलं आणि ताबा परत देण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकतं हेही स्पष्ट केलं. म्हणून कोणी पालक काहीही सांगून ऐकत नसतील आणि मुलांना देणारच असतील, तर मी दस्तात सांभाळाची अट ठळक शब्दांत लिहिल्याशिवाय काम हातात घेत नाही. पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाने प्रांत कचेरीत जाऊन तक्रार कशी करायची? त्यांच्या वतीने एखादी संघटना अर्ज करू शकते, तरी कुणाला तरी आधी ते कळायला हवं. हा कायदा आहे याचं मला समाधान आहे, पण त्याच्या भरवशावर घर देऊन टाकू नये.

आता कुलमुखत्यारपत्र. बँकेतल्या गृहस्थांचा सल्ला सगळ्यात जास्त घरांत दिला जातो आणि नेमका तुमच्यासारख्या घरात तो तोंडघशी पाडतो. करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे, मुखत्यारपत्र देणारा माणूस वारला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्र संपतं. इंग्लंड-अमेरिकेत क्षमता गेल्यानंतरही चालणारं मुखत्यारपत्र करता येतं. भारतात तसा कायदा नाही. म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला त्या कागदाची खरी गरज पडणार, त्याच दिवशी तो रद्दी होतो. पुष्कळ घरांत तो पुढेही वापरला जातो, कुणी हरकत घेत नाही म्हणून चालून जातं. ज्या दिवशी एखादा नातेवाईक किंवा फ्लॅट घेणाऱ्याचा वकील तारखा जुळवून बघतो, त्या दिवशी सगळा व्यवहार अडकतो.

मग क्षमता गेल्यावर मार्ग काय? पूर्वी 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयाकडून पालक किंवा व्यवस्थापक नेमून घेण्याची सोय होती. तो कायदा जाऊन 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला, आणि त्यात ती सोय ठेवलेली नाही. नव्या कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांचे निर्णय घेऊ शकतो, एफडी मोडू शकत नाही. नॅशनल ट्रस्ट कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी अशा ठरावीक विकलांगतांपुरता आहे. म्हणून कोमात गेलेल्या किंवा अशाच पूर्ण असहाय अवस्थेतल्या माणसांचे नातेवाईक उच्च न्यायालयात रिट याचिका करतात. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये कोमातल्या पतीसाठी पत्नीला पालक नेमलं. वैद्यकीय तपासणीचा अहवाल, सगळ्या वारसांची भूमिका, मालमत्तेची यादी, नंतर वेळोवेळी हिशेब, हे सगळं त्यात येतं. मार्ग आहे, न्यायालयं सहानुभूतीने ऐकतात, पण महिने जातात आणि खर्चही होतो. तेवढ्यात मावशीचा पगार दर महिन्याला द्यायचाच असतो. हे टाळणं आज तुमच्या हातात आहे.

म्हणूनच मी म्हणते की फ्लॅट आईच्या नावावर करा. नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. महापालिका हद्दीत स्थानिक अधिभार वेगळा पडतो, तो नोंदणीच्या आधी काढून घ्या. दस्त नोंदणीकृतच हवा, त्याला दोन साक्षीदार हवेत, आणि आईने तो बाबांच्या हयातीत स्वीकारलेला हवा. कुटुंबातल्या हस्तांतरणावर सोसायटीला प्रीमियम मागता येत नाही. दस्तात दोन वाक्यं जरूर घाला: घर आईच्या मालकीचं असेतोवर बाबांना तिथे राहण्याचा हक्क असेल, आणि आई त्यांचा हयातभर सांभाळ करील. पुढे भाड्याने द्यावं लागलं, विकावं लागलं, तारण ठेवावं लागलं, तर आईची एकटीची सही पुरेल, कोर्टात जावं लागणार नाही. बक्षीसपत्रापूर्वी इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा) आणि मूळ खरेदीखत काढून बघा. शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव सहयोगी सभासद म्हणून असलं तरी खरेदीखतात एकट्या बाबांचंच नाव असतं, असं जुन्या फ्लॅटमध्ये फार दिसतं. सहयोगी सभासद म्हणजे मालक नव्हे.

पण हे बाबांना विचारलंय का? तुमच्या प्रश्नात भावाचं, सेक्रेटरींचं, बँकेतल्या गृहस्थांचं म्हणणं आहे, बाबांचं कुठेच नाही. घर त्यांचं आहे. अल्झायमरचं निदान झालं म्हणून माणसाची कायदेशीर क्षमता त्या दिवशी संपत नाही. मृत्युपत्राबाबत तर भारतीय वारसा कायद्याच्या कलम 59 मध्ये सरळ लिहिलंय की एरवी मन ठिकाणावर नसलेला माणूससुद्धा, मन ठिकाणावर असण्याच्या काळात मृत्युपत्र करू शकतो. प्रश्न एवढाच असतो की त्या वेळी, त्या कागदाबद्दल, त्यांना कळत होतं का.

ते कसं तपासायचं हे जरा सविस्तर सांगते, कारण इथे केलेली घाई नंतर वर्षानुवर्षं छळते. मी अशा आजोबांना सकाळी दहा ते बाराच्या मध्ये भेटते. या आजारात संध्याकाळी गोंधळ वाढतो, सकाळी माणूस बराच स्वच्छ असतो. चष्मा आणि कानाचं मशीन लावलेलं आहे ना ते आधी बघते. ऐकू न आल्याने गप्प राहिलेल्या माणसाला समजत नाही असा शिक्का मारलेला मी पाहिलाय. मग घरच्यांना बाहेर बसवते, विशेषतः ज्यांना काही मिळणार आहे त्यांना. "हो" किंवा "नाही" एवढंच उत्तर येईल असा प्रश्न विचारत नाही. तुमच्याकडे काय काय आहे, मुलं किती, कोण कुठे असतं, हे घर कुणाला द्यावंसं वाटतं आणि का, हे त्यांच्या शब्दांत ऐकते. आजची तारीख चुकली तरी चालेल, पंतप्रधानांचं नाव नाही आठवलं तरी चालेल. "घर हिचं, हिनेच उभं केलंय, मुलं आपापली कमावतात" एवढं त्यांनी स्वतःहून सांगितलं तर मला पुरतं. थोड्या दिवसांनी पुन्हा भेटते. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं तरच पुढे जाते.

डॉक्टरांचा दाखला सहीच्याच दिवशीचा हवा, आणि शक्यतो उपचार करणाऱ्या न्यूरोलॉजिस्टचा किंवा मनोविकारतज्ज्ञाचा. "मेंटली फिट" एवढे दोन शब्द आणि शिक्का असलेला दाखला कोर्टात टिकणं कठीण. तपासणीची वेळ, एमएमएसईसारख्या, स्मरणशक्ती आणि आकलन तपासणाऱ्या चाचणीचे गुण, आणि रुग्णाला दस्ताचं स्वरूप व परिणाम समजतात असं स्पष्ट वाक्य, एवढं त्यात असावं. शक्य असेल तर तेच डॉक्टर साक्षीदार म्हणून सही करोत. व्हिडिओबद्दल लोक फार आग्रही असतात. मी प्रत्येक वेळी करायला सांगत नाही, कारण कॅमेरा बघून बुजलेला माणूस अडखळतो आणि तो अडखळलेला व्हिडिओच पुढे पुरावा होतो. बाबांना कार्यालयापर्यंत नेणं अवघड असेल तर कारण देऊन दुय्यम निबंधकांना घरी बोलावण्याची तरतूद नोंदणी कायद्याच्या कलम 31 मध्ये आहे.

आणि बाबांना कळत नाही असं डॉक्टर म्हणाले, तर तिथेच थांबा. अंगठा घेऊ नका. "आपलेच तर आहेत" म्हणून घेतलेला अंगठा म्हणजे त्यांच्याच घरात त्यांच्यावर केलेला अन्याय आहे, आणि कायद्यातही त्याची शिक्षा आहे. मग उच्च न्यायालयाचाच मार्ग. मृत्युपत्र नसेल तर बाबांच्या पश्चात हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि भाऊ यांचा समान एक-तृतीयांश हिस्सा होतो (आजी हयात नाहीत असं धरून). ते काही संकट नव्हे. फक्त आईला घर विकायचं झालं तर तुमच्या आणि भावाच्या सह्या लागतील.

बक्षीसपत्र झालं तरी बाबांचं मृत्युपत्र कराच, ठेवी आणि गावाकडची जमीन असेल तर त्यासाठी. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, पण तुमच्या बाबतीत नोंदवून घ्या. दोन साक्षीदार असे निवडा की जे दहा-पंधरा वर्षांनीही भेटतील. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही मिळणार नसावं. वडिलोपार्जित जमिनीत बाबांना फक्त आपल्या हिश्शाचंच मृत्युपत्र करता येतं, आणि त्यात तुमचा हक्क भावाइतकाच आहे. जमिनीच्या नोंदींचं तलाठ्याकडचं काम सावकाश करा, त्याची घाई नाही.

बक्षीसपत्र काही कारणाने नको असेल आणि घर मृत्युपत्रानेच द्यायचं ठरलं, तर एक चुकीचा लाड टाळा. "पत्नीला हयातीपर्यंत उपभोगाचा हक्क, तिच्यानंतर मुलांना" हे वाक्य आपल्याकडच्या मृत्युपत्रांत सर्रास असतं. ऐकायला गोड वाटतं. पण असा मर्यादित हक्क मृत्युपत्राने दिला की आई ते घर विकू शकत नाही, तारण ठेवू शकत नाही. उद्या तिला पार्किन्सन झाला आणि महिना साठ हजार लागले, तर दीड कोटीच्या घरात बसून ती मुलांकडे हात पसरणार. आईला द्यायचं ते पूर्ण मालकीने द्या.

मग आईचंही मृत्युपत्र आलंच, आणि ते बक्षीसपत्राच्याच आठवड्यात. लोक इथे थांबतात आणि घोटाळा होतो: आजारी बाबा राहतात आणि धडधाकट आईच आधी जाते. तिचं मृत्युपत्र नसेल तर घराचा एक-तृतीयांश पुन्हा बाबांकडे जातो, आणि तोपर्यंत त्यांना सही कळत नसते. म्हणून आईच्या मृत्युपत्रात एक छोटा न्यास (ट्रस्ट) तयार करा. विश्वस्त तुम्ही, जोडीला एखादा भरवशाचा तिसरा माणूस. घर आणि ठेवी बाबांच्या हयातीपर्यंत त्यांच्या राहण्या-औषधपाण्यासाठी, गरज पडल्यास विकण्याच्या अधिकारासह. त्यांच्यानंतर उरेल ते दोघा भावंडांना. मृत्युपत्रातून न्यास करायला वेगळा दस्त नोंदवावा लागत नाही.

सेक्रेटरींच्या नॉमिनेशनबद्दल थोडक्यात. नॉमिनी म्हणजे मालक नाही. महाराष्ट्रात सहकार कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये तेच सांगितलं. नॉमिनेशन जरूर करा, त्याने बँकेतली आणि सोसायटीतली धावपळ वाचते. बँकेत 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवींना चार नॉमिनी ठेवता येतात. पण मृत्युपत्रात एक आणि नॉमिनेशनमध्ये दुसराच, असं करू नका. भांडणं तिथूनच सुरू होतात.

(गोव्यात मालमत्ता असलेल्यांनी यातलं वारसाहक्काचं तसंच्या तसं उचलू नये. तिथल्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सहसा समाईक असते आणि मुलांचा अर्धा हिस्सा राखीव असतो, तो मृत्युपत्राने काढून घेता येत नाही.)

आता पैशांकडे. ठेवी बाबांच्या एकट्याच्या नावावर आहेत, हे घरापेक्षाही तातडीचं आहे, कारण मावशीचा पगार घरातून नाही, ठेवींतून जाणार आहे. संयुक्त खात्यावर "आयदर ऑर सर्व्हायव्हर" (दोघांपैकी कुणाचीही सही चालेल) असलं की झालं, असं समजू नका. मुदतपूर्व एफडी मोडायला बँक दोघांच्याही सह्या मागते. अंगठ्याची सोय आहे, दोन साक्षीदारांसमोर, त्यांपैकी एक बँकेचा अधिकारी. पण ती हात थरथरणाऱ्या माणसासाठी, समज गेलेल्यासाठी नाही. म्हणून बाबांच्या सहीने, त्यांना समजावून, ठेवी आईकडे वळवा. त्यातले 30 लाख आईच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. एका व्यक्तीची कमाल मर्यादा तेवढीच आहे. 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500 रुपये येतात, म्हणजे महिन्याला 20,500. पैसा नवऱ्याने दिलेला असल्याने हे व्याज करासाठी बाबांच्या उत्पन्नात धरलं जाईल, पण पेन्शन धरूनही सगळं मिळून वर्षाला साडेआठ लाखांच्या आत राहतं, आणि नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत त्यांना कर पडत नाही. उरलेले 12 लाख सहा-सहा महिन्यांच्या अंतराने मुदत संपणाऱ्या लहान एफडींत ठेवा. एकच मोठी एफडी केली की 50 हजारांसाठी सगळीच मोडावी लागते.

हिशेब मांडून बघू. पेन्शन 41 हजार, बचत योजनेचे 20,500, एफडीचे सात टक्क्यांनी धरले तर सात हजार. एकूण साडे-अडुसष्ट हजार. खर्चात मावशीचे 27 हजार, आणि घरखर्च, औषधं, मेंटेनन्स मिळून तीस हजार धरू. आज भागतं. पण बाबांना उचलून बसवावं लागेल तेव्हा एका मावशीने होणार नाही. दुसरा माणूस, डायपर, फिजिओथेरपी मिळून वीस-पंचवीस हजार वाढतील. तिथून महिना दहा-बारा हजारांची तूट सुरू होते, आणि ब्यूरोचे दर दरवर्षी वाढतात, पेन्शनचा महागाई भत्ता त्यामागून फरफटत येतो. ही तूट एफडीतून काही वर्षं निघेल. त्यापुढचा आधार म्हणजे फ्लॅट. बाबा आधी गेले तर आईचं कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ पगाराच्या 30 टक्क्यांच्या हिशेबाने बसतं, म्हणजे आजच्या 41 हजारांच्या जागी पंचवीसएक हजार. पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, आईचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, ते या महिन्यातच बघा. तिथली एक अक्षराची चूक दुरुस्त व्हायला फार त्रास देते.

विम्याकडून फार आशा ठेवू नका. सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड दोघांचंही काढून घ्या. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत, पण दोघांत मिळून, आणि फक्त इस्पितळात भरती झाल्यावर. घरी राहणाऱ्या मावशीचा पगार सहसा कुठल्याच मेडिक्लेममध्ये बसत नाही.

रिव्हर्स मॉर्गेज ही योजना आपल्याकडे 2007 पासून आहे आणि लोकांना माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. साठीपुढच्या मालकाला राहत्या घरावर बँक दरमहा रक्कम देते, ती उत्पन्न म्हणून करपात्र नाही, हयातीत परतफेड नाही, घर सोडावं लागत नाही. दोघांच्या पश्चात वारस कर्ज फेडून घर ठेवू शकतात, नाहीतर बँक विकून उरलेले पैसे वारसांना देते. उणी बाजूही आहे: व्याज चक्रवाढीने चढतं, मिळणारी रक्कम अपेक्षेपेक्षा कमी असते, मोजक्याच बँका ती देतात आणि शाखेत पाठपुरावा करावा लागतो. तुम्हाला आज तिची गरज नाही. पाच वर्षांनी लागली तर घर आईच्या एकटीच्या, वादरहित नावावर असल्याचा उपयोग तेव्हा कळेल. आजच मुलांच्या नावावर केलंत तर हा दरवाजा कायमचा बंद.

उद्या वृद्धाश्रमाचा किंवा शुश्रूषा केंद्राचा विचार आला तर मोठी अनामत भरण्याआधी करारातली तीन कलमं वाचा: अनामत किती दिवसांत परत मिळते, आजार वाढला तर "घेऊन जा" असं कधी सांगतील, आणि इस्पितळात असताना महिन्याचे पैसे चालू राहतात का. त्यासाठी घर विकायचं असेल तर आधी तीन-चार महिने राहून बघू द्या.

उपचारांबद्दलचं पूर्वनिर्देशपत्र, ज्याला लोक लिव्हिंग विल म्हणतात, तेही दोघांचं करून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते मान्य केलं आणि जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. व्हेंटिलेटर, नळीने अन्न, पुनःपुन्हा आयसीयू यांबद्दल बाबांना काय हवंय, हे आज ते सांगू शकतात. नंतर ते ओझं तुमच्यावर येईल, आणि रात्री दोन वाजता आयसीयूबाहेर उभं राहून न्यू जर्सीला फोन लावून तो निर्णय घेणं फार जड जातं. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे, एक महापालिकेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे अशी पत्रं जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे द्या.

राहता राहिला तुमचा आणि भावाचा विषय. तुम्ही लिहिलंय की बाबांना डॉक्टरकडे नेणं, बँक, औषधं, मावशी आली नाही की रात्री जाऊन झोपणं, सगळं तुम्ही करता, आणि "ते काय, मुलगीच आहे मी." ताई, हे काम मोजा. मोल मागण्यासाठी नाही. मोजलं नाही की दहा वर्षांनी तुमच्या मनात एक आणि भावाच्या मनात दुसराच हिशेब तयार असतो, आणि त्या दोन हिशेबांची भांडणं मी वर्षानुवर्षं कोर्टात बघते आहे. एक साधी वही किंवा गुगल शीट करा, तारीख, काम, खर्च. भावाला ती बघता येऊ दे. आई-बाबांना मृत्युपत्रात तुम्हाला थोडं जास्त द्यावंसं वाटलं तर देऊ द्या, पण त्याचं कारण त्यांच्या शब्दांत लिहून घ्या आणि ते भावाला त्यांच्या हयातीतच कळू द्या. आणि त्याच्याकडून बक्षीसपत्रावर सहमती मागण्याऐवजी दरमहा एक ठरावीक रक्कम थेट आईच्या खात्यात मागा. मुलाने आईला पाठवलेल्या पैशावर इथे तिला कर लागत नाही. वर काढलेली दहा-बारा हजारांची तूट म्हणजे त्याच्याकडचे दीडशे डॉलरसुद्धा नाहीत. त्याला फोन कराल तेव्हा आधी हा आकडा सांगा, फ्लॅटचं नंतर बोला.